लॅन केबल टेस्टर : काही महिने वापरल्यानंतर

काल ऐन कामाच्या वेळी टेस्टर काढला तर बॅटरी पुन्हा उतरलेली. आता मात्र लिहायलाच हवं.

सगळीकडे मिळतो तोच हा दोन तुकड्यांचा टेस्टर. एक मोठा भाग, एक छोटा, दोन्हींवर एक ते आठ दिवे. संगणक राउटरला जोडणाऱ्या नेटच्या केबलच्या एकेका टोकाला एकेक भाग लावायचा, आतल्या आठ तारांपैकी जी धड असेल तिचा दिवा दोन्हीकडे पेटतो; याहून जास्त सांगत बसत नाही. आमच्या लहानशा ऑफिसात तो काही महिने वापरतेय, अधूनमधून घरीही नेते.

घेतला तो भांडणापायी. हिशेबाच्या संगणकावर नेटचा वेग काही केल्या ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. प्लॅन ३०० चा. इंटरनेट कंपनीचं ठरलेलं उत्तर : "मॅडम, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय, तुमचा राउटर बदला." राउटरजवळ मोबाइल धरला की वायफायवर वेग पूर्ण यायचा. म्हणजे स्पीड येतोय हे त्यांचं म्हणणं खरं होतं, पण राउटर बदलण्याचा सल्ला फुकाचा होता. वायरवर वेग ९३-९५ ला येऊन अडत असेल तर राउटरवर संशय घेण्याआधी केबल बघावी. १०० एमबीपीएसच्या लिंकमधून, म्हणजे केबलवरच्या जोडणीतून, वरखर्च वजा जाऊन साधारण एवढंच हाती लागतं. गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची लिंक कुठेतरी १०० वर उतरलेली असते. १०० ला आठपैकी चारच तारा पुरतात, १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. टेस्टर लावला तर छोट्या भागावरचा सातवा दिवा पेटेना. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पांढरी-तपकिरी तार खाचेत पुरती बसलेलीच नव्हती, नुसती वर टेकली होती. तारा खाचेत दाबायच्या पंच टूलने दाबली, लिंक १००० झाली. नव्या राउटरचा खर्च वाचला.

सगळीच उपकरणं अशी मुकाट १०० वर येत नाहीत. काही गिगाबिटचा हट्ट धरतात आणि लिंक लागते, तुटते, परत लागते. अशा वेळी लोक ड्रायव्हर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, आणि दोष त्या एका तारेत असतो.

त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता त्या बटणाबद्दल. चालू-बंदचं सरकतं बटण बाजूला, अगदी उघड्यावर दिलंय. पिशवीत पक्कड घासली तरी ते सरकतं आणि दिवे रात्रभर फिरत राहतात. आपोआप बंद व्हायची सोय नाही. आणि बॅटरी नऊ व्होल्टची, इतर कशालाच न लागणारी, नेहमीच्या पेन्सिल सेलपेक्षा कितीतरी महाग. बॅटरीवर झालेला खर्च टेस्टरच्या किमतीला कधीच मागे टाकून गेला. पैसे गेले ते गेले, पण बॅटरी अर्धवट उतरली की हे यंत्र खोटं सांगतं. मोठ्या भागावरचे दिवे ठीक पेटतात, छोट्या भागावरचे इतके मंद होतात की उजेडात दिसतच नाहीत. मग चांगली केबल तुटलेली वाटते. एका धडधाकट केबलचं टोक त्यापायी कापून मी नवीन कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला. बनवणाऱ्यांनी ते बटण जरा खोलगट जागेत बसवलं असतं तर काय बिघडलं असतं? सध्या मी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवते.

एवढी चिडचिड असूनही टेस्टर अचूक आहे असं मी परवापरवापर्यंत म्हणत होते. आता तेवढं म्हणवत नाही. आतल्या खोलीकडे गेलेल्या लांब केबलवर आठही दिवे ओळीने पेटत होते, तरी फाइल कॉपी करताना वेग कोसळायचा, मध्येच लिंक जायची. शेवटी कनेक्टर उजेडात धरून पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचले. केबल ओढणाऱ्याने जोड्या सरळ एकापुढे एक लावल्या होत्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तशाच, म्हणून टेस्टर खूश. पण ३ आणि ६ या तारा एकाच पिळाच्या जोडीतल्या लागतात. हिरवी जोडी फाकवून मध्ये ४ आणि ५ वर निळी बसवायची ती याचसाठी. पीळ असलेल्या दोन तारा एकमेकींवरचा बाहेरचा गोंगाट खोडून काढतात. वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा जुळवल्या की शेजारच्या जोडीतला सिग्नल आत झिरपतो. हातभर केबलला ते चालून जातं, लांब केबलला नाही. टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते का एवढंच बघतो, ती कुणाशी जोडीने जाते हे त्याला कळत नाही.

कॅमेऱ्याच्या केबलवरही तेच; त्याला वीजही याच केबलमधून मिळते. दिवसा कॅमेरा छान, अंधार पडला की बंद होऊन पुन्हा सुरू. टेस्टरवर आठही दिवे. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढुरकं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याहून दीडपटीपेक्षा जास्त. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि एवढ्या लांबीवर व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची केबल ओढली, तक्रार मिटली. स्वस्तातला तो केबलचा गुंडाळा घेऊन काय मिळवलं, असं आता ऑफिसात सगळेच म्हणतात.

म्हणून आता पाचपैकी साडेतीन. ज्यांच्या केबल भिंतीतून, छतातून गेल्यात त्यांनी जरूर घ्यावा, पण आठ दिवे पेटले म्हणून केबलला सोडून देऊ नये. रंग डोळ्यांनी तपासावेत आणि संगणकावर लिंक स्पीड बघावा. तिथे १००० दिसतोय, फाइल कॉपीही सुरळीत होतेय आणि तरी नेट नाही, तर मात्र टेस्टर बाजूला ठेवा. विंडोजमधली आयपीकॉन्फिग ही कमांड चालवून संगणकाचा आयपी पत्ता बघा; १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. तेही चाललं आणि फक्त साइट उघडत नसतील तर बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा घोळ. घरात सगळं वायफायवरच चालत असेल तर या टेस्टरवर पैसे घालू नका.

आणि घेतलात तर केबलची दोन्ही टोकं आधी मोकळी करा. पीओईच्या, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या चालू पोर्टात तो खुपसलात तर त्यातून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या आसपासच्या विजेने दिवे कायमचे जाऊ शकतात.