गूगल डॉक्स: झांकीच्या रात्री बेस्ट, सोर्सच्या नावासाठी नको रे बाबा

आम्ही इंदूरातून छोटंसं मराठी पोर्टल चालवतो, चौघं जण, चौघंही नोकऱ्या सांभाळून, ऑफिस वगैरे काही नाही, जे काय आहे ते गूगल डॉक्सवरच. अडीच वर्षं झाली म्हणून लिहितोय.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (म्हणजे सजवलेले फिरते देखावे) निघतात ना, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, रात्रभर चालतं ते. आधी एक जण जेल रोडवर, एक राजवाड्याशी आणि तिसरा घरी बसून व्हॉट्सॅपवरचे तुकडे जोडतोय, फायलींची नावं "फायनल", "फायनल नवी", "हीच घ्या". आता एकच डॉक. कोण कुठे काय टाइप करतोय ते समोर दिसतं, त्यामुळे एकाच झांकीवर दोघांनी लिहिणं बंद झालं. फक्त गर्दीत नेट गेलं की बसा बोंबलत, ऑफलाइन घरूनच चालू करून निघायचं.

आमचे दादा जुने हिंदी पेपरवाले, सगळं कृतीदेवमध्ये (जुना हिंदी फॉन्ट, आत खरी इंग्रजी अक्षरंच असतात). त्यांनी पेस्ट केलं की "आहे"च्या जागी व्ही-के-जी-एस! शेवटी युनिकोड शिकले, पण आता सजेशन मोड सापडलाय त्यांना, माझी बातमी उघडावी तर अर्धी खोडलेली. चिडायला होतं, पण जुनं वाक्य तिथेच राहतं, पटलं नाही तर नाकारता येतं, म्हणून भांडणं कमी.

आता मुख्य गोष्ट, आणि चूक माझीच होती. एका सरकारी खात्यातल्या माणसाने गुपचूप माहिती दिली, मी गाढवासारखं त्याचं नाव-नंबर डॉकमध्ये वरतीच लिहून ठेवलं, आणि लिंक मिळेल त्याला एडिट करता येईल असं शेअरिंग. ती लिंक ग्रुपवरून दोन फोटोवाल्यांकडे गेलेली. घाईने नाव खोडलं, तर दादा म्हणाले, अरे व्हर्जन हिस्ट्री बघ. खरंच की, ज्याला एडिटचा हक्क त्याला जुनं सगळं दिसतं! मग नाव काढलेल्या डॉकची नवी कॉपी केली (कॉपीत जुनी हिस्ट्री येत नाही) आणि मूळ डॉक कचऱ्यात, कचराही रिकामा. कोणी बघितलं की नाही देव जाणे, चार दिवस पोहे गोड लागले नाहीत.

पाचातले चार स्टार. सोर्सची नावं आता वहीत, आणि माझं अक्षर दादांनाही लागत नाही.