आईची सिटिझनशिप आणि दुकानातला 'आपला माणूस'

एकूण गेले २,९२५ डॉलर. त्यातले ७२५ सरकारी फीचे, ते तरी जिथे जायचे तिथे गेले. उरलेले २,२०० एका दुकानदाराच्या खिशात. पैशांचं मला काही वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटतंच. पण त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाने माझ्या आईच्या सहीखाली एक खोटी माहिती अमेरिकन सरकारकडे पाठवली, आणि ती निस्तरता निस्तरता आमचं वर्ष-दीड वर्ष गेलं. इथे न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनकडे आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणलेली आपली बरीच घरं आहेत, म्हणून हे लिहितेय.

आई सांगलीची. बाबा गेल्यावर तिला एकटं ठेववेना. मी सिटिझन झालेच होते, तिला स्पॉन्सर केलं आणि २०१६ मध्ये तिचं ग्रीन कार्ड झालं. दर हिवाळ्यात ती महिना-दीड महिना सांगलीला जायची. फेब्रुवारी २०२० मध्ये भाचीच्या लग्नाला गेली, परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये भारतातून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि आई थेट ऑक्टोबरात परत आली. हे आठ महिने लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच अडलं.

२०२३ च्या गणपतीत एका ओळखीच्या वहिनींनी त्या दुकानदाराचं नाव सुचवलं. ओक ट्री रोडपासून जवळच्या एका प्लाझात दुकान. टॅक्स, विमानाची तिकिटं, पासपोर्ट फोटो, ओसीआय, सगळं एका बोर्डावर, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'नोटरी – इमिग्रेशन'. भिंतीवर बालाजी, त्याच्या शेजारी फ्रेम केलेलं नोटरीचं सर्टिफिकेट. मला ताई, आईला मावशी. "मावशी, आपलाच माणूस समजा, मराठीत सगळं समजावतो." आई तिथेच निम्मी विरघळली.

तुम्ही विचाराल, तू शिकलेली बाई, स्वतःचा एन-४०० (म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज) स्वतः भरलेला, मग आईचा का नाही भरलास? खरं उत्तर: कंटाळा. शिवाय डोक्यात 'नोटरी' या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ बसलेला. कोर्टाबाहेर काळा कोट घालून बसलेला माणूस. भारतात नोटरी व्हायला साधारणपणे १० वर्षांची वकिली लागते, त्यामुळे नोटरी म्हणजे वकील हे समीकरण आपल्या मनात पक्कं असतं. अमेरिकेत नोटरी पब्लिक म्हणजे तुमची ओळख पटवून सही तुमचीच आहे एवढं सांगणारा माणूस. त्यासाठी वकील असावं लागत नाही, आणि नुसत्या नोटरीला कायदेशीर सल्ला देण्याचा काडीचाही अधिकार नसतो. मेक्सिको वगैरेकडून आलेले लोकही याच शब्दाला फसतात, कारण त्यांच्याकडचा 'नोतारिओ' मोठा कायदेपंडित असतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्याने झेरॉक्सवर तो लोखंडी शिक्का कचकन दाबला, कागदावर गोल उठाव आला आणि मला हायसं वाटलं. एन-४०० ला नोटरीचा शिक्का लागतच नाही!

फी सांगितली १,९००, सरकारी ७२५ वेगळे. झेलवरून (फोनवरून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवा, आणि मेमोत 'गिफ्ट' लिहा म्हणाला, "टॅक्सचा घोळ नको." मी लिहिलं. हसू नका.

एवढे पैसे कशाचे, तर 'वयाच्या सवलती'चे. आई तेव्हा ६८ ची. तो म्हणाला, ६५ च्या पुढे इंग्रजी माफ, अमेरिकेच्या इतिहासावरचे आणि कारभारावरचे प्रश्न मराठीत विचारतात, तेही फक्त २० प्रश्नांच्या यादीतून. यातलं एकही वाक्य हवेतलं नव्हतं, अशी सवलत खरंच आहे. वय ६५ आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं. त्याने नियमातला 'आणि' तेवढा खाल्ला. इंग्रजीपुरती माफी आणखी दोन प्रकारे मिळते, ५० वय आणि २० वर्षं, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं. आईला झाली होती सात. ती कशातच बसत नव्हती आणि हे यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर फुकट वाचायला मिळतं.

फॉर्मवर आईची सही त्याने कोऱ्यावरच घेतली, "बाकी मी रात्री बसून भरतो." पत्रव्यवहाराचा पत्ता दुकानाचा दिला, का तर अपार्टमेंटमधून पत्रं हरवतात. दुसऱ्याने फॉर्म भरून दिला तर त्याने स्वतःचं नाव-पत्ता लिहून सही करायची, असा एक भाग एन-४०० मध्ये असतो. तो रिकामा होता. म्हणजे कागदोपत्री तो माणूस अस्तित्वातच नव्हता. आम्हाला कॉपी मागायचंसुद्धा सुचलं नाही.

जून २०२४. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन. इंटरव्ह्यूचं पत्र आलंय, शुक्रवारी सकाळी नेवार्क, पण 'फॉलो-अप'चे ३०० बाकी आहेत, ते आले की पत्र घेऊन जा. पत्र किती आठवडे त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं देव जाणे. दिले ३००. काय करणार होते?

ब्रॉड स्ट्रीटवरच्या रोडिनो बिल्डिंगमध्ये मी बाहेर बसले, आई फाइल छातीशी धरून आत गेली. अर्ध्या तासात बाहेर आली, चेहरा उतरलेला. "अगं, मराठी बोलणारं कुणी नव्हतंच. ती बाई चांगली होती, सावकाश बोलत होती, पण मला प्रश्नच कळेनात. मग तिने पासपोर्ट उघडला, शिक्क्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, सांगली, कोरोना, नो प्लेन."

त्याने फॉर्मवर गेल्या पाच वर्षांतल्या फेऱ्या लिहिताना २०२० ची फेरी गाळली होती. पासपोर्टवर दोन्ही शिक्के ढळढळीत असताना! मी दुकानात जाऊन विचारलं तर म्हणतो, "ताई, सहा महिन्यांच्या वर दाखवलं की फाइल अडकते. सगळेच असं करतात."

आता यातला नियम असा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर तुमचं इथलं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. पण एक वर्षाच्या आतली गैरहजेरी असेल तर ते गृहीतक पुराव्याने खोडता येतं. घर इथेच होतं, माणसं इथेच होती, तिकडे नोकरी धरली नाही, परतायचंच होतं. आईच्या बाबतीत याहून सोपं काय असणार? एप्रिलचं रद्द झालेलं तिकीट, एअरलाइनच्या ईमेल, सगळं माझ्या इनबॉक्समध्ये पडून होतं. सरळ सांगितलं असतं तर ती अडचण होती, कागद लावले की सुटणारी. त्याने लपवलं आणि तिची लबाडी झाली, तीही आईच्या नावावर. सही तिची. त्याची कुठेच नाही.

एवढं होऊनही पठ्ठ्याकडे पुढचा माल तयार होता. इंग्रजीत नापास झाल्यावर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी देतात. त्याआधी 'आपल्या ओळखीच्या डॉक्टर'कडून एन-६४८ घ्या म्हणाला, १,२०० डॉलर. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना खरोखर शिकता येत नाही त्यांच्यासाठी तो फॉर्म आहे. आईला विसरण्याचा आजार आहे असं लिहायचं ठरलं होतं. आई आतापर्यंत गप्प होती. ती उठली, पर्स खांद्याला लावली. "मला विसरायला होतं? बाजारातून आणलेल्या मेथीचा भाव मला मागच्या सोमवारपासूनचा पाठ आहे. चल गं."

खरी मदत घरापासून दहा मिनिटांवर होती, पब्लिक लायब्ररीत, जिथे मी मुलाला दर आठवड्याला नेते. काउंटरवरच्या बाईंनी शनिवारच्या सिटिझनशिप क्लासचा कागद हातात दिला. फुकट. शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने पहिल्याच दिवशी विचारलं, फॉर्म कुणी भरला? आणि तिनेच एका ना-नफा संस्थेकडे पाठवलं. अशा संस्थांना अमेरिकेच्या न्याय खात्याची मान्यता असते, आणि त्यांच्याकडे 'अक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह' असतात. ते वकील नसले तरी इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा, तुमच्या वतीने उभं राहायचा त्यांना अधिकार असतो. या संस्थांची आणि माणसांची राज्यवार यादी न्याय खात्याच्या साइटवर आहे, नाव शोधून बघायला दोन मिनिटं लागतात. वकिलाचं नावही असंच तपासता येतं, बार, म्हणजे वकिलीची सनद, कुठल्याही राज्याचा चालतो, इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे.

तिथल्या रिप्रेझेंटेटिव्ह बाईंनी नाममात्र फी घेतली आणि पहिल्यांदा जी-२८ भरला, म्हणजे 'या केसमध्ये मी यांच्या वतीने आहे' असं सरकारला स्वतःच्या सहीने कळवणं. आमच्या माणसाने हे कधी का केलं नाही ते तेव्हा उमगलं. मग गाळलेली फेरी सांगणारं आईचं निवेदन, तिकिटं, ईमेल, सगळं लावून पाठवलं. पत्ता आमच्या घरचा करून घेतला. ऑनलाइन खातं उघडून केसची स्थिती मी स्वतः बघायला लागले. मला वाटायचं ते वकिलांनाच दिसतं, काय सांगायचं.

दुसऱ्या वेळी आई इंग्रजीत पुन्हा अडली, अर्ज नामंजूर झाला. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं, दोन-तीन महिन्यांत या वयात नवी भाषा येत नसते. 'शंभर टक्के होणार' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. सगळ्या हिवाळाभर आई शनिवारी बर्फ तुडवत क्लासला गेली, डब्यात थालीपीठ. एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला, फी ७१०, सगळ्या फेऱ्यांच्या तारखांसकट. पुढच्या इंटरव्ह्यूत पहिल्या सात प्रश्नांतले सहा बरोबर आले, तेवढ्यावर पास म्हणून ऑफिसरने तिथेच थांबवलं. आईला वाईट वाटलं, उरलेलेही येत होते म्हणे. पुढे ओथही, म्हणजे नागरिकत्वाची शपथही, झाला. (आता अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र परीक्षा बदललीय. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना यादी १२८ प्रश्नांची, विचारतात २०, बरोबर हवेत १२. जुन्या शंभर प्रश्नांचे कागद कुणी दिले तर घेऊ नका, नवे साइटवर फुकट आहेत.)

त्या माणसाची तक्रार मी राज्याच्या ग्राहक खात्याकडे केलीय. वकील किंवा तसा मान्यताप्राप्त रिप्रेझेंटेटिव्ह नसताना इमिग्रेशनचा सल्ला विकणं हा न्यू जर्सीत गुन्हा आहे. पण माझ्याकडे पावती नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, आणि झेलवर माझ्याच हाताने लिहिलेलं 'गिफ्ट'. आहेत त्या फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्स, सतरा. त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडायचंय, म्हणून रोज रात्री भांडी झाल्यावर हेडफोन लावून बसते. 'फाइल अडकते', 'फॉलो-अपचे बाकी आहेत', हे सगळं उतरलं. पहिल्याच नोटमधल्या 'आपलाच माणूस समजा' ला इंग्रजीत काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही, ती ओळ मोकळी सोडलीय.