चावी काढली की सगळं बंद: बाईकवरचा रिले आणि फ्यूज बॉक्स, आठ महिन्यांनंतर

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढचा सगळा खटाटोप तिच्यामुळेच झाला. हॅन्डलवर मोबाईल चार्ज करायला एक यूएसबी चार्जर घेतला आणि त्याच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडून टाकल्या. दहा मिनिटांचं काम. चार्जरवर एक निळा दिवा होता, तो रात्रंदिवस जळायचा आणि मला तो छानही वाटायचा. मग सोळा दिवस गाडीला हात लागला नाही. त्यानंतर चावी फिरवून स्टार्टर दाबला, तर नुसतं टक्-टक्. मल्टिमीटर लावला, बॅटरी १०.९ व्होल्टवर. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.८ दाखवते.

हिशोब नंतर केला. मोबाईल जोडलेला नसतानाही तो चार्जर १२ मिलिअँपिअर खात होता. दिवसाला ०.२९ अँपिअर-तास, म्हणजे सोळा दिवसांत साडेचारच्या वर. माझी बॅटरीच ५ अँपिअर-तासांची. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, इथे ते आटलं. चार्ज करून ती उठली खरी, पण पहिल्यासारखी कधीच झाली नाही. बाईकची बॅटरी क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते, तळापर्यंत रिकामी व्हायला नाही. आत सल्फेटचे थर बसले की ते पूर्ण निघत नाहीत. दोनेक महिन्यांत नवीन घ्यावी लागली.

मग ठरवलं की बॅटरीला थेट काही जोडायचं नाही. सीटखाली एक रिले (आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि चार खणांचा छोटा फ्यूज बॉक्स बसवला. त्याला आता आठ महिने झाले.

मांडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलीमीटरची वायर निघते आणि वीतभर अंतराच्या आतच १० अँपिअरचा मुख्य फ्यूज येतो. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला. रिलेचं ८७ फ्यूज बॉक्सला. ८५ अर्थला (म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतीच्या वाटेला) आणि ८६ मागच्या लाल दिव्याच्या वायरीला, जिथे फक्त चावी चालू असतानाच करंट असतो. चावी फिरवली की रिले टक् करतो आणि बॉक्स जागा होतो, चावी काढली की झोपतो. दिव्याच्या वायरीवर भार पडतो तो फक्त रिलेच्या कॉइलचा, दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास. खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने येतो, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगला त्रास नाही. एक बारकावा सांगतो: काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. तसा असेल तर ८५ आणि ८६ उलटसुलट चालत नाहीत, प्लस ८६ लाच हवा. माझ्या रिलेच्या अंगावर डायोडची खूण होती आणि नशिबाने मी ती जोडणीच्या आधी पाहिली.

फ्यूज बॅटरीच्या इतक्या जवळ कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. फ्यूज उपकरणाला वाचवायला असतो असा समज आहे. तो वायरीला वाचवायला असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून चॅसीला टेकली, तर तिला अडवणारं कोणीच नाही. लहानशी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, आणि वर लगेच पेट्रोलची टाकी आहे. म्हणून बिनफ्यूजचा तुकडा जितका आखूड तितकं बरं. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा टाकणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. आधीच १० चा फ्यूज ११ अँपिअरला तासन् तास तग धरून राहतो. त्या जागी २० चा टाकलात की बारीक वायर हाच फ्यूज होऊन बसतो.

आता वापराचं. बॉक्सवर सध्या दोनच गोष्टी आहेत. यूएसबी चार्जर, ३ अँपिअरच्या जांभळ्या फ्यूजवर. जादा एलईडी दिव्यांची जोडी, ५ च्या फिकट तपकिरी फ्यूजवर. दिव्यांच्या खोक्यावर ४० वॅट लिहिलंय. मोजले तर दोन्ही मिळून २.६ अँपिअर, म्हणजे साधारण ३३ वॅट. मोबाईल पार रिकामा असताना चार्जर बॅटरीकडून ०.९ अँपिअर घेतो. कागदावर भार चारच्या आत, पण खरा प्रश्न बॅटरी किती देते हा नाहीच. चालत्या गाडीत सगळं शेवटी इंजिनच्या स्टेटरमधून, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागातून, यायचं असतं, आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) स्टेटर फार कमी देतो.

ते तपासणं अगदी सोपं आहे. इंजिन चालू ठेवून मीटर बॅटरीच्या टोकांवर धरायचा. माझ्या गाडीत आयडलला, जादा दिवे बंद असताना १३.९. दिवे लावले की १२.७, म्हणजे बॅटरी भरत नाहीच, उलट थोडी रिकामी होत असणार. ३००० आरपीएमला दिव्यांसकट १४.१. म्हणून गर्दीत, सिग्नलला जादा दिवे बंद करायची सवय लावून घेतली. दिव्यांना वेगळा स्विच म्हणूनच आहे. १४.५ च्या बराच वर आकडा जात असेल तर मात्र दोष जोडलेल्या वस्तूंचा नाही, चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर तपासा.

टायरमध्ये हवा भरायचा पंप मी बॉक्सवर घेतला नाही. तो एकटाच ८ ते १० अँपिअर ओढतो. त्याच्यासाठी बॅटरीवरून वेगळी अडीचची वायर, १५ चा निळा फ्यूज आणि झाकणाचा कनेक्टर. चावीशी संबंध नाही, पण पंप लावल्याशिवाय त्यातून काही वाहतही नाही. हवा भरताना इंजिन चालू ठेवतो, अर्थात मोकळ्या जागेत.

तिसऱ्या महिन्यात फ्यूजची पहिली परीक्षा झाली. वळण घेताना हॅन्डल पूर्ण डावीकडे गेलं आणि दोन्ही जादा दिवे गेले. मोबाईल मात्र चार्ज होत राहिला, मुख्य दिवाही चालू. पाच अँपिअरचा फ्यूज उडाला होता. दिव्यांची वायर हॅन्डलच्या मानेपाशी मी ताणून बांधली होती आणि प्रत्येक वळणाला ती चॅसीच्या कडेवर घासत होती. इन्सुलेशन सोलून तांबं दिसायला लागलं होतं. नवी वायर टाकली, तिच्यावर कोरुगेटेड नळी चढवली, आणि हॅन्डल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून वायर सैल राहते ना हे बघितलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अर्थने. सलग काही दिवस पावसात गाडी चालवल्यावर दिवे फडफडायला लागले आणि चार्जर मधूनच सुटायचा. प्लसची बाजू तीनदा तपासली, रिले बदलून पाहिला. शेवटी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं दिव्याच्या मायनस वायरीवर धरलं, दिवे चालू ठेवून. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, दिसले १.८ व्होल्ट. अर्थ मी चॅसीच्या एका रंगवलेल्या बोल्टवर घेतला होता. कोरड्या हवेत कसंबसं चाललं, पाणी शिरल्यावर गंजलं. आता सगळ्या मायनस वायरी एकत्र करून थेट बॅटरीच्या मायनसवर आणल्यात. तेव्हापासून एकदाही फडफड नाही. यासाठी घालवलेल्या दोन सुट्ट्यांचा मला अजून राग आहे.

जोडांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. वायर न सोलता चिमटीत दाबून बसवायचे ते झटपट जोड मी मागच्या दिव्याच्या वायरीवर वापरले होते; पाचव्या महिन्यात तिथे हिरवट थर सापडला. सोल्डर केलेला जोड टेबलावर मस्त दिसतो, पण सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि सततच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. नीट क्रिम्प केलेलं (वायरीवर दाबून आवळलेलं) धातूचं टोक आणि वरून गोंदवाली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती), याला पर्याय नाही. क्रिम्पिंगचा चिमटा चांगला घ्या, पक्कडीने दाबलेलं टोक ओढलं की हातात येतं.

बॉक्सबद्दल तक्रार एकच. झाकणाची खिट्टी चौथ्या महिन्यात तुटली, आता रबर बँडवर चाललंय. रबरी गॅस्केटमुळे आत पाणी मात्र आलं नाही. रिले मी टोकं खाली करून बसवलाय, म्हणजे चुकून पाणी पडलंच तर आत साचत नाही.

काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. प्लस सोडवताना पाना चॅसीला लागला आणि मायनस जोडलेला असेल, तर ठिणगी पडलीच. आणि मायनसच्या वाटेत मीटर लावून करंटची गळती मोजत असाल तर स्टार्टरला हात लावू नका. मी सवयीने दाबला. मीटरच्या आतला फ्यूजही असा शहीद झाला. तो बदलून पुन्हा मोजलं, तर चावी काढल्यावर आता सगळी गाडी मिळून ०.९ मिलिअँपिअर घेते. मागच्या महिन्यात तीन आठवडे गाडी उभी होती, पहिल्या झटक्यात सुरू झाली.

एक जाता जाता: मोबाईल हॅन्डलवर लावत असाल तर कॅमेऱ्याचा विचार करा. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. मी कंपन शोषणारा होल्डर लावलाय.

बॉक्सचे दोन खण अजून रिकामे आहेत. गरम होणारे ग्रिप्स घ्यायचा मोह होतोय, पण ते आणखी तीनेक अँपिअर मागणार आणि माझा मीटर आयडलला आत्ताच १२.७ दाखवतोय. तेव्हा सध्या जाड हातमोज्यांवर भागवतोय.