तिकीट खरं होतं, तरी आम्ही गेटबाहेर

सुट्टीत थीम पार्कला जाणाऱ्यांना सगळे एकच सल्ला देतात: स्वस्तातल्या तिकिटांच्या नादी लागू नका. आम्ही लागलो नव्हतो. आमची तिकिटं साइटवरच्या दरापेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतलेली होती, ती खरी होती, आणि पार्कच्या हेल्पलाइनला फोन लावून खात्रीसुद्धा केली होती. तरी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण गेटच्या बाहेर उभे होतो आणि ११,२०० रुपये गेले होते. पार्कचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण फसवलं त्यांनी नाही. त्यांच्या नावावर भलत्यानेच दुकान मांडलं होतं. नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे, म्हणून झालं ते सविस्तर लिहितो.

ताई आणि दाजी दिवाळीला साताऱ्याहून डोंबिवलीला आमच्याकडे आले होते. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, भाची आठवीत, आमची मुलगी सहावीत. या तिघांचा बेत गणपतीपासून फोनवर शिजत होता. तिकिटं काढायची आठवण मात्र लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटं उचलताना झाली. पार्कच्या साइटवर आम्हाला हवी ती तारीख पुसट झालेली, खाली ‘सोल्ड आउट’.

हल्ली या पार्कांची तिकिटं तारखेला बांधलेली असतात. दिवसाला किती माणसं आत घ्यायची याची मर्यादा असते, आणि दिवाळी, नाताळ, लाँग वीकेंडला दर उघडपणे चढे असतात. म्हणजे महाग तिकीट दिसलं तर सुट्टीच्या दिवसांत कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि तारीख संपलेली असली की माणूस ‘आणखी कुठे मिळतंय का’ म्हणून शोधायला लागतो. हे भामटे नेमके तिथेच बसलेले असतात. त्यांना तुमच्या हावरेपणाची गरज नाही, पोरांना दिलेला शब्द पुरतो.

‘मामा, थांबा, बघतो मी,’ म्हणून भाचा मोबाईल घेऊन बसला. पार्कचं नाव आणि ‘तिकीट’ असं सर्च केल्यावर सगळ्यात वर जे पान आलं त्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’, म्हणजे पैसे भरून दिलेली जाहिरात, असं लिहिलेलं होतं. पार्कचाच लोगो, तेच फोटो, खाली ‘ऑफिशियल पार्टनर’ आणि व्हॉट्सॲपचं हिरवं बटण. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. ‘सर, हॉलिडे रश है, हमारा बल्क ब्लॉक है, उसी में से दे पाऊँगा.’ सूट देण्याची भाषा नाही, उलट डोक्यामागे शंभर रुपये सर्व्हिस चार्ज. तिकीट १,६०० ला.

भाचा आंधळेपणाने पैसे पाठवणारा नाही. त्याने आधी एकच तिकीट घेतलं. पाच मिनिटांत पीडीएफ आलं. बुकिंग नंबर घेऊन त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कच्या खऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या मुलीने तपासून सांगितलं, हो, बुकिंग कन्फर्म आहे, एक व्यक्ती, हीच तारीख. मग त्याने उरलेल्या सहांचे ९,६०० पाठवले. सहा जणांचं एकत्र पीडीएफ आलं, सोबत जीएसटीचं बिलही. तिकिटावर नाव तिसऱ्याच कुणाचं होतं. विचारल्यावर उत्तर तयार: ‘बल्क बुकिंग कंपनी के नाम पे ही होता है, सर.’

त्या दिवशी पनवेलच्या पुढे गाड्यांची जी रांग लागली होती ती सांगण्यात अर्थ नाही, दिवाळीत एक्सप्रेसवेने गेलेल्यांना ठाऊक आहे. टोलच्या अलीकडेच पाऊण तास गेला. पार्कला पोचेस्तोवर साडेअकरा झाले. पार्किंग भरलेलं, गेटवर गर्दी, कडेवरची पोरं रडकुंडीला आलेली, आणि बॅगा तपासणाऱ्यांची वेगळी रांग. आमचा नंबर आला, मुलीने भाच्याच्या मोबाईलवरचा क्यूआर स्कॅन केला आणि मशीनवर लाल दिवा लागला.

‘सर, हे यूज्ड दाखवतंय.’

पुन्हा स्कॅन, पुन्हा लाल. सुटं तिकीट दाखवलं, तेही लाल. मागचे लोक ‘ओ काका, बाजूला व्हा ना’ म्हणायला लागले. सुपरवायझर टॅब घेऊन आला, त्याने आम्हाला रेलिंगच्या कडेला घेतलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. सहा जणांचं बुकिंग, एंट्री १० वाजून १२ मिनिटांनी. तिकीट बनावट नाही, पण त्यावर सहा माणसं आधीच आत गेली आहेत.

आमचं बोलणं चालू असताना नाशिकचं एक कुटुंब तिथेच येऊन थांबलं, त्यांनाही लाल दिवा. त्यांच्यातल्या गृहस्थांनी मोबाईल पुढे केला. भाच्याने आपला मोबाईल शेजारी धरला. तोच बुकिंग नंबर, तेच नाव, तोच क्यूआर, अगदी पीडीएफच्या फाइलचं नावसुद्धा एकच. त्यांनी दोन दिवस आधी पैसे भरलेले. आमच्या देखत तेच पीडीएफ घेऊन आणखी दोन तरुण आले. तेव्हा सगळा प्रकार लक्षात आला. भामट्याने पार्कच्या साइटवरून सहा जणांचं एक बुकिंग खरोखर केलं होतं, पूर्ण पैसे भरून. आणि तेच पीडीएफ त्याने मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकलं. क्यूआर एकदाच चालतो. जो पहिला पोचला तो आत, बाकीचे बाहेर.

आत गेलेले ते सहा जण कोण, हा विचार मला अजून सोडत नाही. बहुतेक आमच्यासारखेच पैसे भरून आलेले, फक्त लवकर निघालेले. टोलला अडकलो नसतो तर कदाचित आम्हीच दिवसभर राइड्सवर बसलो असतो, घरी येऊन त्या माणसाला चांगला अभिप्राय दिला असता आणि त्याचा नंबर चार नातेवाइकांना पाठवला असता. असे खूश झालेले लोकच या धंद्याची जाहिरात करतात. भाच्याला त्याने जे ‘हॅपी कस्टमर’चे व्हिडिओ पाठवले होते ते म्हणूनच खरे वाटत होते. ते खरे असणारच.

काउंटरवर चौकशी केली तर त्या दिवसाची तिकिटं संपलेली. सुपरवायझर बोलायला चांगला होता, पण आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं, आणि तसं सोडायला लागले तर एकेका पीडीएफवर जत्रा आत जाईल, हेही खरं.

आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा पार्किंगच्या तोंडाशी एक पोरगा हळूच जवळ आला. ‘बँड पाहिजेत का? सात आहेत. बाराशेला एक.’ हाताच्या मुठीत कागदी बँड, आत सोडताना मनगटावर बांधतात ते. दाजी थांबले, कारण भाचीचे डोळे भरले होते. ताईने त्याच्या हातातला एक बँड उचलून उजेडात धरला. या बँडवर चिकटपट्टीच्या जागी मुद्दाम बारीक चिरा दिलेल्या असतात, काढायला गेलं की तो तिथेच फाटतो. या बँडच्या चिरा फाटलेल्या होत्या आणि वरून फेविक्विकचा पांढरा थर वाळलेला. म्हणजे कुणाच्या तरी हातातून काढलेला, पुन्हा जोडलेला. ‘चला हो,’ एवढंच म्हणून ताई पुढे निघाली. गेटवर नाकारल्या गेलेल्यांना हेरूनच ही पोरं उभी असतात. हताश माणूस दुसऱ्यांदा लवकर फसतो.

भामटे तिसऱ्यांदाही गाठतात, आणि तेही घरबसल्या. भाच्याने चिडून तिथूनच सोशल मीडियावर पार्कला टॅग करून सगळं लिहिलं. दहा मिनिटांच्या आत उत्तर: ‘असुविधेबद्दल क्षमस्व, रिफंडसाठी आपला नंबर पाठवा.’ खात्यावर पार्कचा लोगो, नावात एक जादा अंडरस्कोअर. फोन आला तो थेट ‘एक ॲप डाउनलोड करा, रिफंडचा फॉर्म त्यातून भरायचा आहे’ म्हणून. ते ॲप स्क्रीन शेअर करणारं होतं. एकदा ते चालू केलं की तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी पलीकडच्यालाही दिसतो. भाच्याने फोन कट केला. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोणता क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे जाणार.

चकल्या आणि करंज्यांचे डबे गाडीत होते (पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून ते परतीच्या वाटेसाठी ठेवलेले). ते पार्किंगमध्येच उघडले. खाता खाता दाजींनी बिलाचं पीडीएफ मागितलं. दाजी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहेत, बिल दिसलं की त्यांची नजर आधी जीएसटी नंबरवर जाते. ‘अरे, हा तर ०७ने सुरू होतोय,’ म्हणाले. महाराष्ट्राचा कोड २७, ०७ दिल्लीचा. पुढे त्यांनी अक्षरं मोजली तर चौदाच भरली. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. जीएसटीच्या सरकारी साइटवर हा नंबर फुकट तपासता येतो, लॉगिनही लागत नाही. बिल आलं तेव्हा पत्ते कुटत बसलेल्या दाजींना ते कुणी दाखवलं नव्हतं, यावरून ताई त्यांना अजून बोलते.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर गाडीतूनच लावला. बराच वेळ फोन लागतच नव्हता, पण लावत राहिलो. त्यांना बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर लागतो. हा बारा आकडी यूटीआर यूपीआय ॲपच्या हिस्टरीत असतो, तो आधी कागदावर लिहून ठेवा, फोनवर बोलताना शोधत बसू नका. तक्रारीचा क्रमांक मिळाला, मग रात्री घरी येऊन सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर चॅटचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही पीडीएफ चढवले. घाई यासाठी की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात. मधल्या कुठल्या खात्यात सापडले तरच बँक ते रोखून धरू शकते. आमच्या व्यवहाराला तोवर दोन-तीन दिवस होऊन गेले होते. गेटवर जाईपर्यंत फसल्याचं कळत नाही, ही या प्रकारातली मोठी खुबी. चोराला पैसे काढायला निवांत वेळ मिळतो.

बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही, पण तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. इथे पिन आपण टाकलेला. क्रेडिट कार्डाने भरले असते तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. हे लोक कार्ड घेत नाहीत ते उगीच नव्हे. पोलीस ठाण्यात दाजी तावातावाने ‘चारशेवीस लावा’ म्हणाले, तर अंमलदारांनी शांतपणे सांगितलं की ते कलम १ जुलै २०२४ पासून गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड.

भाच्याला घरात कुणी काही बोललं नाही. त्याने जेवढी खातरजमा केली तेवढी आमच्यापैकी एकानेही केली नसती. फक्त हेल्पलाइनला विचारायचा प्रश्न वेगळा होता. ‘हे बुकिंग खरं आहे का’ याचं उत्तर ‘हो’च येणार. विचारायला हवं ते असं: ‘हे बुकिंग कोणत्या मोबाईल नंबरवर झालंय?’ तो नंबर तुमचा नसेल, कन्फर्मेशनचा मेसेज पार्ककडून थेट तुमच्या मोबाईलवर आलेला नसेल, तर हातातलं पीडीएफ कितीही खरं असलं तरी ते तुमचं नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना पिनच्या आधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. आमच्या वेळी तिथे कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं नाव होतं. थीम पार्कचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात का जातील, हा प्रश्न तिथल्या तिथे पडायला हवा असतो. पण ‘थोडीच तिकिटं उरलीत’ असं सारखं बजावलं जात असताना माणूस नाव वाचत नाही, हेही मान्य करायला हवं.

आता स्थिती अशी की एका खात्यात आमच्यापैकी ३,२०० रुपये होल्ड झालेत. ते सोडवून घ्यायला कोर्टाच्या आदेशासाठी अर्ज केला आहे. बाकीचे काढले गेले. नाशिकच्या गृहस्थांशी संपर्क आहे, त्यांचीही तक्रार आमच्या तक्रारीचा क्रमांक देऊन दाखल झाली आहे. एकाच खात्यावर जितक्या जास्त तक्रारी, तितकं ते खातं पोलिसांच्या नजरेत लवकर येतं. तेव्हा रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणि २५ डिसेंबर किंवा ३१च्या आसपासच्या तारखेचं असं ‘बल्क बुकिंग’चं पीडीएफ कुणाच्या मोबाईलवर येऊन पडलं असेल, तर गेटवर जायची वाट बघू नका. पार्कला वरचा प्रश्न आजच विचारा. नंबर तुमचा नाही असं निघालं तर लगेच १९३० लावा. तारीख यायची आहे तोवर पैसे अजून कुठल्या तरी खात्यात सापडण्याची शक्यता आहे.