हिरवा चौकोन आणि त्यामागचा लॅग: एका २४ पोर्टच्या स्विचचे परीक्षण

मॅनेज्ड स्विचचे, म्हणजे ज्याची मांडणी आपल्याला बदलता येते अशा नेटवर्क स्विचचे, परीक्षण म्हटले की पोर्ट किती, पंखा किती वाजतो आणि वॉरंटी किती वर्षांची, एवढ्यावर ते बहुधा संपते. मी या स्विचकडे गेले सहा महिने एकाच प्रश्नापुरते पाहिले आहे: दोन-चार केबल एकत्र बांधून केलेला गट, म्हणजे आपण ज्याला लॅग (लिंक अ‍ॅग्रिगेशन ग्रुप) म्हणतो तो, खरोखर लागला आहे की नाही हे हा स्विच किती प्रामाणिकपणे सांगतो. स्विच २४ गिगाबिट पोर्टचा आहे, वेब पान आणि कमांड लाइन दोन्ही देतो, आणि बाकीच्या कामात त्याने कधी त्रास दिलेला नाही. निर्मात्याचे नाव देत नाही. वाचणाऱ्याने आपल्या रॅकमधल्या स्विचला हेच प्रश्न विचारून पाहावेत, एवढीच अपेक्षा आहे.

गट तयार करणे सोपे आहे. वेब पानावर गटाचा क्रमांक निवडायचा, पोर्टवर खुणा करायच्या, गट स्थिर हवा की एलएसीपीचा (म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना फ्रेम पाठवून जुळवलेला) ते ठरवायचे आणि सेव्ह करायचे; दोन मिनिटांचे काम. मेनूत या सोयीचे नाव अजून ‘८०२.३एडी’ असेच आहे. २००० साली हे मानक त्या क्रमांकाने आले, पण २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे. मेनूंना मात्र जुने नाव सोडवत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. बिघडते ते ‘ट्रंक’ या शब्दाने. या स्विचच्या पुस्तिकेत ट्रंक म्हणजे केबलचा गट, तर सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, वाहून नेणारा पोर्ट. या दोन भाषा बोलणारे दोघे जण फोनवरून गट जोडायला बसले की पहिला अर्धा तास त्यातच जातो.

आमच्याकडे या स्विचचे २१ ते २४ हे चार पोर्ट एका स्टोरेज सर्व्हरला एलएसीपीने जोडलेले होते. वेब पानावर गटासमोर ‘अप’ असे लिहिलेले, चार सदस्य दाखवलेले आणि चारही पोर्टचे चौकोन हिरवे. रात्रीचा बॅकअप अपेक्षेपेक्षा लांबू लागला तेव्हा याच पानाकडे बोट दाखवून, स्विचमध्ये काही दोष नाही असे सांगून मी मोकळा झालो. तीन दिवसांनी पोर्टचे गणक, म्हणजे फ्रेम (माहितीची पाकिटे) मोजणारे आकडे, उघडले, तर २१, २२ आणि २३ वरचे आकडे वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने पळत होते, आणि २४ वरून बाहेर जाणाऱ्या फ्रेम होत्या मिनिटाला चार. घड्याळ लावून पाहिले: दोन एलएसीपीच्या, दोन एलएलडीपीच्या (शेजाऱ्याला आपली ओळख सांगणाऱ्या), दर ३० सेकंदांनी एकेक. पलीकडून आलेली एलएसीपीची फ्रेम एकही नव्हती. सर्व्हरवर बाँड, म्हणजे त्याच्या बाजूचा गट, तयार करताना चौथे नेटवर्क कार्ड त्यात घालायचेच राहून गेले होते. कार्ड चालू होते, केबल धड होती, म्हणून चौकोन हिरवा होता. गटात मात्र तो पोर्ट एक दिवसही नव्हता.

चौकोनाला मी दोष देणार नाही. पोर्टची लिंक लागली आहे एवढेच सांगणे त्याचे काम आहे आणि ते त्याने चोख केले. दोष आहे तो ‘सदस्य ४’ या ओळीचा. ती नेमून दिलेले सदस्य मोजते, कामावर हजर असलेले मोजत नाही. आणि ‘अप’ हा शब्द एक जरी सदस्य काम करत असला तरी तसाच राहतो. म्हणजे चारांपैकी तीन पोर्ट बसून राहिले तरी हे पान त्याचा पत्ता लागू देणार नाही.

कमांड लाइनवर चित्र बरेच सुधारते. एलएसीपीच्या शेजाऱ्याची माहिती मागितली की हा स्विच प्रत्येक पोर्टपुढे पलीकडच्या यंत्रणेचे प्राधान्य, तिचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) आणि दोन्ही बाजूंची आठ बिटांची स्थिती दाखवतो. नीट चाललेल्या पोर्टवर ही स्थिती हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) ३डी दिसते: पुढाकार, गटात येण्याची तयारी, जुळणी, ग्रहण आणि वितरण ही पाच बिटे चालू, आणि पलीकडच्या फ्रेमची किती वेळ वाट पाहायची त्या मुदतीचे बिट बंद, म्हणजे लांब मुदत. छोटी मुदत ठेवली की तीच संख्या ३एफ होते. आमच्या २४ व्या पोर्टवर ४५ होते. पुढाकार आणि तयारी होती. जुळणी, ग्रहण, वितरण काहीच नव्हते. आणि ‘डिफॉल्टेड’ हे बिट चालू होते, ज्याचा अर्थ पलीकडून काहीच ऐकू न आल्यामुळे स्विच स्वतःच्या ठरीव माहितीवर चालला आहे. पलीकडचा मॅक पत्ता सगळाच्या सगळा शून्य. ही एक ओळ पहिल्याच रात्री पाहिली असती तर तीन दिवस वाचले असते.

माहिती आहे, पण ती उलगडून सांगण्याची तसदी या स्विचने घेतलेली नाही. हेक्समधली संख्या पुढे टाकून तो गप्प बसतो. सिस्कोच्या ‘शो इथरचॅनेल समरी’ या कमांडमध्ये प्रत्येक पोर्टपुढे कंसात एक अक्षर येते, गटात बसलेल्याला पी, रोखून ठेवलेल्याला लहान एस, एकट्या पडलेल्याला आय, बंद असलेल्याला डी, आणि या अक्षरांचे अर्थ त्याच उत्तराच्या वरच्या भागात छापलेले असतात. ज्युनिपरच्या ‘शो एलएसीपी इंटरफेसेस’मध्ये स्थिती शब्दांतच येते, शेवटच्या रकान्यात ‘कलेक्टिंग डिस्ट्रिब्युटिंग’ दिसले की माणूस निश्चिंत होतो. लिनक्सच्या बाँडिंगची स्थिती दाखवणारी फाइल दिसायला रुक्ष असली तरी प्रत्येक कार्डापुढे अ‍ॅग्रिगेटरचा (ते ज्या गटात आहे त्याचा) क्रमांक देते, आणि चारांपैकी एकाचा क्रमांक वेगळा निघाला की गटाबाहेरचे कार्ड कोणते हे तिथल्या तिथे कळते. त्या फाइलमध्ये स्थितीची संख्या दशमानात असते, म्हणून ३डीच्या जागी ६१ आणि ३एफच्या जागी ६३ शोधावे लागते. स्विचच्या खिडकीत हेक्स आणि सर्व्हरच्या खिडकीत दशमान, असे दोन्ही समोर ठेवून मध्यरात्री ताळा जमवणे हा एक स्वतंत्र वैताग आहे.

सर्वांत जास्त उत्सुकता मला मुदतीच्या चाचणीची होती. पोर्टमधली केबल उपटून पाहणे याला मी चाचणी म्हणत नाही, कारण लिंक गेली की कोणताही धड स्विच तो पोर्ट लगेच गटातून काढतो. खरी अडचण मध्ये मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याची केबल आणि फायबर यांना जोडणारे डबे, असतात तेव्हा येते. दोन कन्व्हर्टरमधली फायबर तुटली, आणि ते कन्व्हर्टर बिघाड पुढे कळवणारे नसले, तर स्विच आणि त्याच्या शेजारचा कन्व्हर्टर यांच्यामधली तांब्याची लिंक जिवंतच राहते. गट स्थिर प्रकारचा ठेवून मी मधली फायबर काढली तेव्हा स्विच त्या पोर्टवर फ्रेम टाकतच राहिला आणि त्या कुठेच पोचल्या नाहीत. लक्षण मोठे फसवे असते: काही जोडण्या सुरळीत चालतात, काही जागच्या जागी थिजतात, आणि प्रत्येक जण आपापल्या प्रोग्रॅमला दोष देत बसतो. एलएसीपी लांब मुदतीवर असताना फ्रेम दर ३० सेकंदांनी येते आणि शेवटच्या फ्रेमनंतर ९० सेकंद वाट पाहून पोर्ट बाहेर काढला जातो. छोट्या मुदतीत तोच हिशोब एक आणि तीन सेकंदांचा. माझ्या चाचणीत लांब मुदतीवर पोर्ट ७४ व्या सेकंदाला बाहेर पडला, जे बरोबरच आहे, कारण फायबर मी दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी काढली होती. छोट्या मुदतीवर तीन सेकंदांच्या आत काम झाले. या परीक्षेत स्विचला पूर्ण गुण. मात्र छोटी मुदत वेब पानावरून ठेवताच येत नाही, आणि आपण ती मागतो म्हणजे पलीकडच्याने दर सेकंदाला फ्रेम पाठवावी असे सांगतो, त्यामुळे दोन्ही टोकांना ती वेगवेगळी मागावी लागते, हेही पुस्तिकेत कुठे लिहिलेले नाही.

दोन्ही टोके ‘पॅसिव्ह’ ठेवली तर कोणीच बोलायला सुरुवात करत नाही आणि गट लागत नाही. येथेही तसेच झाले.

गट पूर्ण लागल्यावरही चारही केबल सारख्याच भरतील असे समजू नये. एक प्रवाह एकाच लिंकवरून जातो, म्हणून एकच मोठी फाइल एका जोडणीवरून पाठवताना गिगाबिटच्या वर वेग मिळणार नाही, गटात केबल कितीही असोत. कोणता प्रवाह कुठल्या लिंकवर जाईल हे या स्विचवर मुळात मॅक पत्त्यांवरून ठरते. राउटरपलीकडून येणाऱ्या सगळ्या फ्रेमवर मॅक पत्त्यांची तीच जोडी असल्याने ती वाहतूक एकाच केबलवर लोटली जाते आणि बाकीच्या तीन रिकाम्या राहतात. आयपी पत्ता आणि टीसीपी-यूडीपीच्या पोर्ट क्रमांकावर वाटप करण्याची सोय आहे, ती लगेच चालू करावी. त्यातही स्विच फक्त आपण पाठवतो त्या वाहतुकीचे वाटप ठरवतो. येणाऱ्या वाहतुकीचे वाटप सर्व्हरच्या हाती असते आणि तिथली मांडणी वेगळी तपासावी लागते.

देखरेखीसाठी एसएनएमपी (यंत्राची स्थिती दुरून वाचण्याची पद्धत) आहे, आणि येथे स्विचने मला सुखद धक्का दिला. लॅगसाठीच्या प्रमाणित एमआयबीमधून (एसएनएमपीने वाचता येणाऱ्या नोंदींच्या यादीतून) तो प्रत्येक पोर्टची तीच आठ बिटांची स्थिती देतो, त्यामुळे ती दर मिनिटाला वाचून ३डी किंवा ३एफ सोडून दुसरे काही आले की मला संदेश यावा, अशी व्यवस्था अर्ध्या तासात उभी राहिली. गटाच्या एकूण वेगाच्या आकड्यावर मात्र देखरेख बेतू नये. तीन पोर्ट चालू असतानाही तो ४ गिगाबिटच सांगतो.

कमांड लाइनची सवय असलेल्या माणसाने हा स्विच खुशाल घ्यावा. ज्यांचा सगळा कारभार वेब पानावरून चालतो त्यांच्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही, निदान सदस्यांच्या ओळीत नेमलेले आणि हजर असे दोन आकडे येईपर्यंत तरी नाही. चौथे कार्ड बाँडमध्ये घातले त्या रात्री २४ व्या पोर्टची स्थिती ४५ वरून ३डी झाली आणि बॅकअप वेळेत आटोपला. वेब पानावर काहीच बदलले नाही. तिथे आधीही चारच होते.