स्टिकर १०५० टीआयचा, आत २०११ सालचं कार्ड : कॉम्प्युटर घेताना झालेली फसवणूक

भजन मंडळाचं रेकॉर्डिंग गावातच करता यावं आणि भाच्याला गेमही खेळता यावेत, असा एकच कॉम्प्युटर ४५ हजारांत बसवायचं आम्ही ठरवलं. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. यातले काही पैसे मंडळाच्या फंडातले होते, म्हणजे लोकांनी प्रेमाने दिलेली बिदागी. त्यामुळे ही फसवणूक मला फार लागली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण फसवण्याची तऱ्हा मात्र पूर्ण लिहितो. गणपतीच्या आधी बरीच मंडळं आणि पोरं अशी खरेदी करतात.

दुकानदाराला गरज स्पष्ट सांगितली होती: बुवांचा आवाज, हार्मोनियम, पखवाज, टाळ, मागचा कोरस, सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं आणि सोबत थोडं गेमिंग. तो म्हणाला, “काका, म्युझिकला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं. तिथे हात आखडू नका.” पहिली लबाडी इथेच झाली. रेकॉर्डिंगचं काम प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर (माहिती साठवायच्या डिस्कवर) चालतं. ग्राफिक्स कार्ड स्क्रीनवरचं चित्र बनवतं, आवाज त्याच्याकडे जातच नाही. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी १२८ नमुन्यांचा तुकडा ठेवला, तर प्रोसेसरला प्रत्येक तुकडा तीन मिलिसेकंदांच्या आत तयार करून द्यावा लागतो. तो उशिरा आला की आवाजात कट्‌कट्‌ ऐकू येते. म्हणून कमी बजेटमध्ये पैसा आधी प्रोसेसरवर घालायचा. रायझन ५ ५६००जी सारखा सहा कोअरचा प्रोसेसर घेतला तर त्यात ग्राफिक्सही आतच येतं. हलके गेम चालतात आणि वेगळं कार्ड नंतर सवडीने घेता येतं.

आम्हाला मात्र “आय फाइव्ह” एवढंच सांगून तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर दिला आणि वाचलेले पैसे “जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी” या एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डावर लावले. खोका चकचकीत, कार्डावर स्टिकर, आणि दुकानात स्क्रीनवरही नाव तेच दिसत होतं.

घरी आल्यावर गजर द्रुत लयीला चढला की रेकॉर्डिंगमध्ये तडतड यायला लागली. माइक बदलला, वायर बदलली, बफर वाढवला. आवाज कशामुळे अडतो ते शोधणारा लेटन्सीमॉन नावाचा फुकटचा प्रोग्राम लावला, तर तो ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बोट दाखवत होता. हा ड्रायव्हर प्रोसेसरला मधेच अडवून धरतो आणि तेवढ्यात आवाजाचा तुकडा चुकतो. भाच्याची रड वेगळी. व्हल्कन (कार्डाकडून गेमचं चित्र काढून घ्यायची नवी पद्धत) मागणारा गेम सुरूच होईना. एनव्हिडियाच्या साइटवरून अधिकृत ड्रायव्हर टाकला, तर स्क्रीन काळी ठिक्कर.

मग भाच्याने जीपीयू-झेड उतरवून घेतलं. हा छोटा प्रोग्राम कार्डाच्या नावावर विश्वास न ठेवता आतली चिप ओळखतो. २०१८ पासून त्यात बनावट एनव्हिडिया कार्डं पकडायची सोय आहे. तशी चिप सापडली की नावाआधी इंग्रजीत ‘फेक’ लिहून येतं. आमच्या स्क्रीनवर ते आलं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) असतात, आमच्यात १९२. भाचा म्हणाला, “मामा, ह्यां कार्ड बोगस आसा.”

खात्री करायला कार्ड काढून पाटावर ठेवलं आणि मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू सोडवले. पंखा उचलला, तर थर्मल पेस्ट वाळून खपलीसारखी झाली होती. कापसाने पुसल्यावर चिपवर बारीक अक्षरं दिसली: जीएफ११६. ही चिप जीटीएक्स ५५० टीआयची, म्हणजे २०११ सालच्या कार्डाची. १०५० टीआय आलं २०१६ च्या ऑक्टोबरात आणि त्यावर जीपी१०७ चिप असते. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) नाव बदलून टाकतात, त्यामुळे विंडोजलाही तेच खोटं नाव दिसतं. या जुन्या कार्डांना एनव्हिडियाने २०१८ मध्येच नवे गेम ड्रायव्हर देणं बंद केलं होतं. मग अधिकृत ड्रायव्हर चालणार कसा?

दोन खुणा तर न उघडताही दिसतात. आमच्या कार्डाला मागे निळं व्हीजीए सॉकेट, म्हणजे जुन्या मॉनिटरची वायर लावायची जागा, होती. १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून तसला अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. शिवाय खरं १०५० टीआय ७५ वॅटचं असतं. बहुतेक मॉडेलना मदरबोर्डवरचा स्लॉट पुरतो. आमच्याला सहा पिनची वेगळी वायर लावली होती, कारण ५५० टीआय ११६ वॅट खातं.

एका खोटेपणानंतर बाकीचं तपासलं नसतं तरच नवल. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘नव्या’ एसएसडीचे चालू राहिलेले तास हजारांत होते. एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट छापलेलं, पण हातात घेतल्यावर पोकळ डब्यासारखा हलका. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यात असा एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनच्या जिवाशी खेळ.

दुकानदार आधी म्हणाला, “वरूनच तसा माल येतो.” मग म्हणाला, “बिलावर १०५० टीआय लिहिलंय का?” बिलावर होतं “असेंबल्ड पीसी, १ नग”. हे त्याने मुद्दाम केलं होतं असं माझं ठाम मत आहे, कारण सुट्या भागांचे नंबर लिहून द्या म्हटल्यावर त्याने “कॉम्प्युटरमधून एवढंच निघतं” असं सांगितलं होतं. पण भाव ठरताना त्याने व्हॉट्सअॅपवर भागांची यादी पाठवली होती, त्यात १०५० टीआय स्पष्ट लिहिलेलं. तीच कामी आली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. चिपचे फोटो, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि ती यादी जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आणि पैसे न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन असं त्यात लिहिलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यामुळे दुकान परगावचं असलं तरी फरक पडत नाही. कार्डाचे पैसे परत आले. एसएसडी आणि एसएमपीएसबद्दल तो अजून हात वर करतोय; ते भांडण चालू आहे.

तुम्ही घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानातच पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड, सीपीयू-झेड (हा प्रोसेसर ओळखतो) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून दाखवायला सांगा. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर घ्या. नाही म्हणाला तर तिथून उठा. आणि ज्यांनी ‘१०५० टीआय’ आधीच घेतलंय, त्यांनी मागचं सॉकेट आजच बघा. ग्राहक आयोगात तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि “पुढच्या लॉटमध्ये बदलून देतो” म्हणत दुकानदार तीच मुदत खाऊन टाकतात.