जुन्या सीआर-व्हीला साधे प्लग आणि चार कॉइल, की इरिडियम प्लग आणि एकच कॉइल?

२०१३ च्या आधीची होंडा सीआर-व्ही, २.४ लिटर पेट्रोल. सिग्नलला उभी असताना थरथरते, घाटात पाय दाबला की मध्येच मिस मारते आणि मेकॅनिक म्हणतो, "प्लग-कॉइल सगळं एकदाच बदलून टाका." (प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो, त्याच्या डोक्यावर बसलेली कॉइल त्यासाठी व्होल्टेज देते; ठिणगी चुकली की गाडी मिस मारते.) बरेच मालक इथेच अडतात, कारण सगळंच उत्तम दर्जाचं घ्यायचं म्हटलं तर बिल जुन्या गाडीला सोसण्यापलीकडे जातं. मग मार्ग दोन उरतात. साधे निकेलचे प्लग घालून वाचलेले पैसे चार नव्या कॉइलना लावायचे, नाहीतर इरिडियम प्लगना हात मोकळा सोडायचा आणि कॉइल जी गेली असेल तेवढीच बदलायची. मी दुसऱ्या मार्गाने गेलो. पहिलाही चुकीचा नाही, काही गाड्यांना तर तोच जास्त शोभतो. म्हणून दोन्ही मांडतो.

आधी प्लग. नवे असताना दोन्ही सारखेच चालतात. इरिडियम घातल्यावर पिकअप वाढला, अ‍ॅव्हरेज वाढलं असं बरेच जण सांगतात. मला तरी तसं जाणवलं नाही. जो फरक जाणवला तो जुने झिजलेले प्लग निघाल्याचा होता, आणि तो साध्या प्लगनेही पडला असता. खरा फरक पुढे दिसतो. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो, निकेल मिश्रधातूचा. ठिणगी कडेवर बसत राहते, कडा गोल होतात, गॅप, म्हणजे ठिणगी ओलांडते ती फट, वाढत जातो. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळतं आणि झिजतं फार हळू, त्यामुळे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवूनही ते टिकतं. साधे प्लग वीस ते तीस हजार किलोमीटरला पाहावे लागतात. कंपनीतून येतात तसे इरिडियम लाखाच्या घरात जातात.

वाढलेल्या गॅपची किंमत कॉइल मोजते, हे मात्र लोक विसरतात. १.१ मिलिमीटरचा गॅप झिजून दीडच्या दिशेने गेला की तीच ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन आणि खालचं, प्लगवर बसणारं रबरी बूट रोज तो ताण खातात. बुटाला बारीक चीर असली तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने इंजिनच्या हेडकडे उडी मारते, आणि पावसाळ्यात दमट हवेत हे लवकर उघडं पडतं. म्हणून चार नव्या कॉइल घेऊन खाली प्लग झिजू देणं मला पैसे उलट्या टोकाला लावल्यासारखं वाटतं.

तरी हिशेब एवढ्यावर थांबला असता तर मी कदाचित साधे प्लगच घातले असते. एका इरिडियमच्या पैशात चार साधे प्लग येतात, आणि या इंजिनात प्लग अगदी वर आहेत. प्लॅस्टिकचं कव्हर काढा, प्रत्येक कॉइलचा दहा नंबरचा एकेक बोल्ट सोडा, कॉइल वर ओढा, झालं. वरचेवर बदलायला काय हरकत?

हरकत कपलरची. कॉइलवर जो तीन तारांचा कपलर बसतो, त्याचं लॉक म्हणजे प्लॅस्टिकची बोटाच्या नखाएवढी पट्टी. बारा-पंधरा वर्षं इंजिनच्या डोक्यावर भाजून ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. माझ्या गाडीचे दोन लॉक हलक्या हाताने दाबतानाच तुटले. कपलर परत बसतो, गाडी सुरूही होते, सगळं ठीक वाटतं. मग खराब रस्त्यावर कधीतरी तो अर्धा मिलिमीटर सरकतो, गाडी मिस मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि गॅरेजला पोचेपर्यंत कपलर आपोआप परत टेकलेला असतो. स्कॅनरमध्ये मिसफायरचा कोड दिसतो आणि नव्याकोऱ्या कॉइलवर संशय घेतला जातो. हा त्रास मी पुरेसा भोगलाय. केबल टायने आवळून काही महिने निघतात, पण खरा उपाय म्हणजे नवा कपलर आणून तीन तारा नीट जोडून घेणं. इलेक्ट्रिशियन चांगला हवा, नाहीतर जोडातच नवा बिघाड तयार होतो.

माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. साधे प्लग घातले तर दर वीस-तीस हजारांना चारही कपलर हलवायचे. इरिडियम घातले तर एकदा नीट बसवून पुढची काही वर्षं तिकडे हातच लावायचा नाही. ज्या गाडीचे लॉक अजून लवचीक आहेत, तिच्या मालकाला हा मुद्दा एवढा टोचणार नाही, हे मान्य.

इरिडियम घेताना एक गोष्ट तपासा. दुकानात एकाच नावाखाली दोन प्रकार मिळतात. एकात फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि बाजूचा, टोकासमोर वाकलेला पाय साध्या निकेलचा. दुसऱ्यात बाजूच्या पायावरही प्लॅटिनमचा ठिपका. लाखभर किलोमीटरची गोष्ट दुसऱ्याची आहे. पहिला स्वस्त पडतो, पण त्याचा पाय साध्या प्लगसारखाच झिजतो, मग इरिडियम घेऊन काय साधलं? एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरमध्ये शेवटी ११ म्हणजे १.१ चा गॅप, आणि मधला ६ हा हीट रेंज, म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर सोडतो त्याचा अंक. डेन्सो कंपनीचा २० म्हणजे तोच ६. नकली मालही भरपूर फिरतो, त्यामुळे निम्म्या भावात मिळणारा इरिडियम मी घेत नाही.

आता कॉइल. चारही एकदम बदला म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की एक गेली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. ऐकायला पटतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. प्लग वेळेवर बदललेले असतील तर उरलेल्या कॉइल बरीच वर्षं काढतात. शिवाय कोणती गेली हे शोधणं सोपं आहे. पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर कोड, आला तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा आणि गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहा. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर एवढ्याला पुरतो. मात्र जी एक बदलाल ती कंपनीची घ्या. चार लोकल कॉइलच्या पैशात साधारण एखाद-दुसरी ओरिजिनल येते, आणि मला ती एकच जास्त भरवशाची वाटते. लोकल कॉइल थंड इंजिनवर छान चालते, उन्हाळ्यात घाट चढून इंजिन तापलं की तिची परीक्षा होते.

एकदम सगळं बदलणं कुठे बरोबर? जिथे पुन्हा उघडणं महाग आहे तिथे. अमेरिकेत आपल्या बऱ्याच लोकांकडे जुनी व्ही-सिक्स टोयोटा हायलँडर असते. तिच्या मागच्या तीन प्लगपर्यंत पोचायला वरचा इनटेक काढावा लागतो. तेवढी मजुरी एकदा दिली की मागच्या तीन कॉइलही नव्या घालणं शहाणपणाचं.

आणि सीएनजी किट असेल तर माझ्या हिशेबाचा तोल थोडा बदलतो. गॅसवर ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, प्लग लवकर झिजतात, गॅपही थोडा कमी ठेवावा लागतो. तिथे इरिडियमचा लाखाचा वायदा मी धरणार नाही. लॉक शाबूत असतील तर साधे प्लग वरचेवर बदलणं परवडतं.

बदलायच्या दिवशी कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरखालचे ट्यूब सील गेलेत, आणि त्या तेलाने बूट फुगून नवी कॉइलही लवकर जाईल. सील बदलायला कव्हर काढावंच लागतं, तेव्हा त्याच हाताने टॅपेटचे क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, तपासून घ्या, कारण या इंजिनात ते स्क्रूने जुळवायचे असतात आणि बहुतेक गाड्यांत कुणी पाहिलेले नसतात. इंजिन पूर्ण थंड हवं, विहिरीतली धूळ आधी हवेने उडवलेली हवी. प्लगचे पहिले आटे हातानेच लावायचे, मग टॉर्क पान्याने १८ न्यूटन-मीटर. पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस लावू नका, प्लेटिंग असलेल्या प्लगला ते लागत नाही आणि त्याने प्लग जास्त आवळला जातो. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर दिलात तर पुढच्या वेळी कॉइल ओढताना रबर फाटत नाही.

निर्णय व्हायला चार दिवस लागले तरी चालतील, फक्त चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन जळतं, आणि त्याची किंमत चार ओरिजिनल कॉइलपेक्षा कितीतरी जास्त आहे.